आर्चुलेटाच्या वाटेची गाडी

ऑरिन टिबेट्सला खुर्चीत बसलेला पाहिलाय, असं शपथेवर सांगणारा माणूस आमच्या नॅटुरिटा गावात शोधून सापडायचा नाही. चर्चमध्येसुद्धा तो मागच्या दाराशी उभा असतो, आणि पाद्री प्रार्थनेत जरा रंगला की हळूच बाहेर सटकून लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघून येतो. जेवतो उभ्यानं, फोनवर बोलतो येरझारा घालत. त्याची बायको मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सगळ्या शाळेला ती रांगेत उभं करते, गप्प बसवते, पण नवऱ्याला बसवणं तिला छत्तीस वर्षांत जमलेलं नाही. जेवणाच्या टेबलाला आपण उगाच चार खुर्च्या घेतल्या, तीनच पुरल्या असत्या, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

त्याचा धंदा गाड्यांचे ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारे आस, बांधण्याचा. गावाच्या टोकाला, युरेनियमच्या खाणी चालू होत्या तेव्हाच्या एका जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप आहे. आमच्या भागात घरटी एक तरी फोर-व्हील गाडी असतेच, आणि तीच गाडी सगळीकडे जाते. पोरांना शाळेत सोडायला ती, मॉन्ट्रोजला वाणसामान आणायला ती, ऑक्टोबरात एल्क हरणांच्या शिकारीला डोंगरावर चढवायची तीच, आणि बर्फ वितळल्यावर चिखलात घालायची तीसुद्धा तीच. त्यामुळं ऑरिनकडे येणारा प्रत्येक जण साधारण एकच रडगाणं घेऊन येतो. हौसेनं मोठी चाकं घातली, आता गाडी पाय ओढते.

मोठी चाकं घातली की ॲक्सलच्या मधल्या गोळ्यातलं दातेरी गिअरांचं जोडकं, क्राउन-पिनियन, बदलावं लागतं, हे खरंच आहे. ते किती बदलायचं, हाच सगळा वाद. मुळात बहुतेक गाड्यांना पावणेचार असतं, म्हणजे इंजिनाकडून आलेला दांडा पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. कुणी सांगतं साडेचार घाल, कुणी सांगतं सरळ पाच. आकडा वाढवाल तशी गाडी चढाला दमदार होते आणि सपाट डांबरावर बोंबलायला लागते. दोन्ही सुखं एका गाडीत मिळत नाहीत, आणि नेमकी तीच मागायला लोक ऑरिनकडे येतात.

म्हणून त्यानं एक नियम करून ठेवला होता. गिअरचं नाव काढण्याआधी गिऱ्हाइकानं सात दिवसांचा कागद भरून आणायचा. डॅशबोर्डवर कागद आणि पेन्सिल बांधून ठेवायची आणि रोज लिहायचं: किती मैल डांबर, किती मैल खडी, किती चिखल, किती बर्फ. सात दिवस खोटं लिहायचं नाही. गावातले लोक त्याला टिबेट्सचा कबुलीजबाब म्हणायचे. क्लीट योकम नावाचा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ हटवणारा ड्रायव्हर एकदा आपली पिकअप घेऊन आला होता. त्याला दोन्ही ॲक्सलना दोन-दोन चाकं एकत्र जखडणारे लॉकर हवे होते, पाचाचे गिअर हवे होते, सगळंच हवं होतं. त्याच्या कागदावर सात दिवसांत पोस्ट ऑफिस, बहिणीचं घर आणि दारूचा गुत्ता, एवढ्या तीनच जागा निघाल्या. ऑरिननं कागद त्याला परत दिला आणि म्हणाला, गुत्त्याबाहेर गाडी लावायला लॉकर लागत नाही, घरी जा. क्लीट दोन महिने त्याच्याशी बोलला नाही आणि मग स्वतःच ती गोष्ट सगळ्यांना हसत सांगायला लागला.

असा हा खडूस माणूस. काम हातचं घालवेल, पण चुकीचा गिअर बसवणार नाही. त्याचा हा नियम एकदाच मोडला, आणि तो त्यानं स्वतःच मोडला.

त्याची एकुलती एक मुलगी कोरली नर्स आहे. हॉस्पिटलातली नव्हे, ज्यांच्यावर आता उपचार उरलेले नाहीत, ज्यांना आपल्या घरीच मरायचं आहे, अशा माणसांकडे ती जाते. त्यांना औषध देते, त्यांचं दुखणं कमी करते. तिचे पेशंट आमच्या या कोपऱ्यात दूर दूर पसरलेले आहेत. रेडव्हेल, न्यूक्ला, बेडरॉक, आणि अगदी टोकाला पॅराडॉक्सचं खोरं. दोन वर्षांपूर्वी तिनं हे काम घेतलं तेव्हापासून ऑरिनची तगमग सुरू झाली. आधीच पायाला भिंगरी, त्यात ही काळजी. सकाळी ती निघाली की हा वर्कशॉपच्या दारात दहा वेळा येऊन रस्ता बघायचा, हवामान बघायचा, परत आत जायचा. मॉन्ट्रोजच्या दवाखान्यात जागा निघाल्यात, तिथं एका जागी बसून काम असतं, असं तो तिला निदान महिन्यातून एकदा तरी सुचवायचा. ती म्हणायची, "एका जागी बसून काम करणारी तुझी मुलगी असती का, डॅड?" आणि विषय तिथंच संपायचा.

मग तो फेब्रुवारी आला. पॅराडॉक्सच्या पलीकडच्या अंगाला, मुख्य रस्त्यापासून दोन मैल आत, लिआंड्रो आर्चुलेटा नावाचा म्हातारा आपल्या बहिणीबरोबर राहायचा. जन्मभर खाणीत काम केलेला, फुप्फुसं संपलेली. त्याच्या बहिणीचा सकाळी फोन आला, त्याला फार त्रास होतोय, लवकर ये. कोरली निघाली. बर्फ नुकतं वितळलेलं, त्या दोन मैलांच्या वाटेचा नुसता राडा झालेला. अर्ध्यात तिच्या जुन्या जीपचं मागचं एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं आणि दुसरं नुसतं बघत राहिलं. ॲक्सलच्या गोळ्यातल्या साध्या डिफरन्शियलची हीच खोड आहे. वळणावर दोन चाकांना आपापल्या गतीनं फिरू देण्यासाठी ते असतं, पण एक चाक घसरलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकालाच देऊन बसतं. फोनला सिग्नल नव्हता. फावड्यानं उकरण्यात तिचे तीन तास गेले. शेवटी ती बॅग घेऊन चालत वर पोचली तेव्हा म्हातारा गेलेला होता.

आठवडाभरानं ती वर्कशॉपमध्ये आली. तिनं आजवर बापाकडे गाडीसाठी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, "डॅड, अशी कर की ही कुठंच अडकणार नाही. कुठंच."

ऑरिनला काय वाटलं असेल ते बाप असलेल्यांना सांगायला नको. पोरीची गाडी कुठं अडकू नये, असं इतके दिवस तो जे मनात घोकत होता ते ती आपण होऊन मागत होती. त्यानं त्याच दुपारी मोठी चाकं मागवली. गिअर मागवले, जवळजवळ पाचाचे. आणि मागच्या ॲक्सलला त्यानं आपोआप बांधणारा लॉकर घ्यायचं ठरवलं. या लॉकरला बटण नसतं, काही नसतं. ताकद लागली की दोन्ही चाकं तो एकत्र जखडतो आणि फक्त वळणावर, रस्त्याची पकड चांगली असेल तर, जरा सोडतो. पोरीला घाईत बटण दाबायचंही भान राहिलं नाही तरी गाडी निघाली पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. मर्नानं जाता जाता विचारलं, तिच्याकडून कागद भरून घेतलास का?

"माझ्या पोरीचा रस्ता मला ठाऊक नाही होय?" तो म्हणाला.

दहा दिवस तो त्या दोन ॲक्सलवर होता. गिअरच्या दातांना पिवळी पेस्ट लावायची, फिरवायचं, दाताला दात कुठं लागतो त्याचा ठसा बघायचा, कागदासारख्या पातळ चकत्या एक काढायची एक घालायची, परत पेस्ट. एरवी दोन ठशांत समाधान होणाऱ्या माणसानं या वेळी अकरा ठसे घेतले. काम असं उतरलं की ते बघायला मॉन्ट्रोजचे दोन मेकॅनिक मुद्दाम आले. कोरली गाडी घेऊन गेली तेव्हा हा रस्त्याच्या मधोमध उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. आता जरा निवांत होईल, असं मर्नाला वाटलं.

पण निवांत कुठला? उन्हाळा आला तरी त्याच्या येरझारा संपेनात. कोरली रविवारी जेवायला यायची ती हळूहळू एक रविवार सोडून यायला लागली. गाडी कशी चाललीय विचारलं की "मस्त" म्हणायची, पण ते प्रश्न संपायच्या आत म्हणायची. पूर्वी साडेसहाला निघणारी पोरगी आता पावणेसहाला निघायची. मर्नाला एकदा तिच्या कोटाच्या खिशात कानात घालायचे बोळे सापडले. तिनं विचारलं तर म्हणाली, काही नाही, रस्त्यावर जरा आवाज होतो. मर्नानं हे नवऱ्याच्या कानावर घातलं नाही. घालायला हवं होतं, असं ती आता म्हणते.

ऑरिनला काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं, आणि बिनसलेलं काही शोधायचं म्हणजे त्याला एकच ठिकाण माहीत. ती जेवायला आली की हा ताट हातात घेऊन बाहेर जायचा आणि जीपखाली शिरायचा. गोळ्यातलं तेल काढून बोटांवर चोळून बघायचा, त्यात लोखंडाचा कण आहे का. एकही नसायचा. चाक हातानं फिरवून कान लावायचा. सगळं जिथल्या तिथं. कामात खोट सापडली असती तर तो सुखानं झोपला असता. खोट सापडत नव्हती म्हणून त्याचा जीव आणखीच वरखाली व्हायचा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं बर्फ पडलं. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी क्लीट योकम काउंटीच्या गाडीचं काहीतरी विचारायला वर्कशॉपमध्ये आला आणि कॉफी ओतून घेता घेता म्हणाला, "पोरगी मात्र तुझी धीराची आहे हां. मी असतो तर चड्डीत झालं असतं."

ऑरिननं विचारलं, कशाबद्दल बोलतोयस?

मग क्लीटला कळलं की याला काहीच माहीत नाही. तो चाचरायला लागला, पण आता सुटका नव्हती. गुरुवारी सकाळी सावलीच्या वळणावर, म्हणजे पॅराडॉक्सकडे जाताना कड्याखालचं जे वळण आहे ना, जिथं नोव्हेंबरपासून ऊन पोचतच नाही, तिथं कोरलीची जीप त्याच्या डोळ्यांदेखत गर्रकन फिरली. पुढचं तोंड मागं झालं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, आणि गाडी बरोबर मधोमध थांबली. क्लीट धावत गेला तर ही स्टिअरिंग धरून बसलेली. म्हणाली, मी ठीक आहे, मला उशीर होतोय. गाडी वळवून निघूनही गेली.

ऑरिननं हातातला पाना खाली ठेवला आणि तसाच निघाला. कोट घातला नाही. कोरलीचं घर न्यूक्लाच्या रस्त्याला आहे, चार मैल. ती दारातली वाट साफ करत होती. तो पिकअपमधून उतरल्या उतरल्या तिला कळलं.

"क्लीटनं सांगितलं वाटतं."

"तू का नाही सांगितलंस?"

ती फावडं मारत राहिली. म्हणाली, गाडी वळणावर मागून ढकलते. उन्हाळ्यात नुसता खडाक आवाज व्हायचा, त्याचं काही वाटलं नाही. पण ओलं असलं की मागची बाजू भलतीकडे जायला बघते, म्हणून लवकर निघते, वळणं सावकाश घेते. मला वाटलं, मलाच नीट चालवता येत नाहीये.

"तुला? सोळा वर्षांची असल्यापासून चालवतेस तू."

"मग काय वाटणार होतं? गाडी तर तू केली होतीस," ती म्हणाली.

एवढं बोलून ती परत बर्फ उपसायला लागली. ऑरिन तिथं उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं. ते त्याला मार्चमध्येच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर कळलंही असतं. बर्फाळ वळणावर साध्या ॲक्सलचं एक चाक घसरलं तर दुसरं रस्ता धरून राहतं. याच्या लॉकरनं दोन्ही चाकं एकत्र बांधलेली. घसरली की दोन्ही एकदम घसरतात, आणि मागची बाजू धरून ठेवायला कुणी उरत नाही. आपल्या हातानं आपण पोरीच्या गाडीत हे बसवलं, अकरा ठसे घेऊन, हे त्याच्या डोक्यात शिरलं. 

तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता गाडी दे, संध्याकाळपर्यंत सगळं काढून टाकतो. ती म्हणाली, आणि घालशील काय? जुने गिअर तूच भंगारात दिलेस. नवे यायला आठवडा लागेल आणि सोमवारी मला पाच पेशंट आहेत. तो म्हणाला, माझी पिकअप ने. तिनं सांगितलं की तुझ्या पिकअपचा हीटर बंद आहे, माझी औषधं गोठतील. काम सोड, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते मागं घेतले.

"मग सोमवारी मी तुझ्याबरोबर येतो," तो म्हणाला. "कागद-पेन्सिल घेऊन. आधीच करायला हवं होतं ते."

"दिवसभर बसून राहायचंय, डॅड. सीटवर."

"बसेन."

सोमवारी पावणेसहाला तो तिच्या शेजारी चढला. मांडीवर पॅड, पॅडला दोरीनं बांधलेली पेन्सिल. मर्नानं दोघांसाठी बीन्स आणि मक्याचा ब्रेड डब्यात भरून दिला होता आणि नवऱ्याला सांगितलं होतं की तोंड बंद ठेव, पोरगी काम करतेय. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पासष्टच्या वेगाला इंजिन मिनिटाला बत्तीसशे फेरे घेत किंचाळायला लागलं. कोरलीनं सवयीनं खिशातून बोळे काढले, बापाकडे बघितलं आणि परत ठेवून दिले. त्यानं ते पाहिलं. कागदावर आकडा लिहिला आणि खिडकीबाहेर बघत बसला. सावलीचं वळण आलं. कोरलीनं गाडी पंचवीसवर आणली, बोटं पांढरी होईतो स्टिअरिंग धरलं. मागून कुणीतरी खांद्यानं ढोसावं तशी जीपची मागची बाजू एकदा हलली आणि सरळ झाली. त्याला ते आपल्या बुडाखाली स्पष्ट जाणवलं. काय झालं, त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली.

पाच घरं झाली. प्रत्येक घराबाहेर तो जीपभोवती फेऱ्या मारत तिची वाट बघायचा. एका घरातून म्हातारी बाई खिडकीत येऊन त्याला हात करून गेली. दुसऱ्या घरात कोरली गेली तेव्हा आतून कण्हणं ऐकू येत होतं, आणि अर्ध्या तासानं ती बाहेर आली तेव्हा येत नव्हतं. मुलगी नेमकं काय काम करते ते त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं. तिच्या चपळाईचं, तिच्या शांतपणाचं त्याला मनापासून कौतुक वाटलं, आणि असल्या माणसाला आपण मॉन्ट्रोजच्या खुर्चीवर बसवायला निघालो होतो याची लाजही वाटली.

दुपारी तीनला शेवटचं घर झालं. त्यानं बेरीज केली. एकशे चौदा मैल डांबर, त्यातले काही बर्फाचे. नऊ मैल खडी, तीही नीट दाबलेली. चिखल शून्य. गिऱ्हाइकानं हा कागद आणला असता तर त्यानं उभ्या उभ्या सांगितलं असतं: गिअर चारच्या जरा वर, पुढचा ॲक्सल साधा, मागं बटण दाबल्यावरच जखडणारा लॉकर, ते बटणही वर्षातून दोनदा दाबायला. एखादं नवशिकं पोरगंही यात चुकलं नसतं.

"आजचा दिवस वेगळा होता का? चिखलाची वाट कधी लागते तुला?" त्यानं विचारलं.

 थोडं पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला एक टपालपेटी दिसली. पत्र्याच्या पेटीवर रंगानं आर्चुलेटा लिहिलेलं, रंगाचे पोपडे उडालेले. तिनं वेग कमी केला.

"या वाटेला वर आणखी घरं असतील ना?" तो म्हणाला.

"नाहीत. एकच होतं. त्याची बहीण एप्रिलमध्ये पुएब्लोला भाचीकडे गेली. घराला फळ्या ठोकल्यात."

ऑरिननं मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्याला त्या कागदाची एकदम चीड आली. ज्या वाटेसाठी त्यानं गाडी बांधली त्या वाटेवर कुणी राहतच नव्हतं. गाडी वर्कशॉपमधून बाहेर पडली तेव्हाच ती वाट रिकामी व्हायला आली होती. आणि एका रिकाम्या वाटेसाठी पोरगी आठ महिने कान किटवून घेत होती, आणि बर्फ पडल्यापासून रोज दोनदा कड्याखालून जीव मुठीत धरून जात होती.

कोरलीनं गाडी त्या वाटेत घातली. कशाला, तो म्हणाला. ती म्हणाली, एकदा बघायचंय मला.

वाट तशीच होती, वरचं बर्फ दुपारच्या उन्हानं वितळून खाली लगदा झालेला. जीप त्यात शिरली आणि मागची दोन्ही चाकं एकदम लागली. गाडी कुठं थबकली नाही, कुठं चाक नुसतं फिरलं नाही. पाणी साचलेल्या खड्ड्यातून, उभ्या चढावरून ती सावकाश, एका चालीनं चढत राहिली. असा ॲक्सल आपण जन्मात बांधला नव्हता, हे ऑरिनला दिसत होतं, आणि त्या क्षणी त्याला दुसऱ्या कशापेक्षा तेच जास्त सहन होईना. वर पोचल्यावर कोरलीनं घड्याळ बघितलं.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली.

घराच्या खिडक्यांना फळ्या होत्या. दारात एक जुनं ऑक्सिजनचं नळकांडं आडवं पडलेलं. तिनं इंजिन बंद केलं, पण उतरली नाही.

"त्याची बहीण म्हणाली, तो शेवटपर्यंत विचारत होता, गाडी आली का. औषध माझ्या बॅगेत होतं, डॅड. मी खाली उकरत बसले होते आणि औषध माझ्या बॅगेत होतं." तिनं दारातल्या नळकांड्याकडे बघितलं. "ही गाडी मी पेशंटसाठी नाही मागितली. मला तो दिवस परत हवा होता. म्हटलं, अशी गाडी असेल तर... काहीतरी होईल."

ऑरिननं गिअरच्या बाबतीत आयुष्यात पुष्कळांना नाही म्हटलं होतं. हे त्याला सगळ्यांत जड गेलं.

"तसला गिअर मला बसवता येत नाही गं, कोरली," तो म्हणाला.

मग ती रडली. फेब्रुवारीपासून ती रडलेली नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती थांबेपर्यंत काढला नाही. नाक पुसून झाल्यावर तिनं विचारलं, काढून टाकशील सगळं? तो म्हणाला, पार्ट आले की त्याच दिवशी. कागदावर तिथंच लिहून तिला वाचून दाखवलं, चारच्या जरा वर आणि बटणाचा लॉकर. तिनं नुसती मान हलवली. मग गाडी वळवून ती खाली आली आणि पेटीशी न थांबता डांबराला लागली.

ऊन कड्यामागं गेलं होतं. सावलीच्या वळणाच्या अलीकडे तिनं जीप बाजूला घेऊन थांबवली. समोर रस्ता काळा आणि चकचकीत दिसत होता.

"इथं," ती म्हणाली. "रोज दोनदा. दर वेळी मला वाटतं, आज आपण नदीत. सकाळी तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. तुला सांगितलं तर काम सोड म्हणशील, म्हणून."

ऑरिन म्हणाला, "म्हणणार होतो. दोन वर्षं तेच म्हणतोय." त्यानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. "मलाही भीती वाटते. तू सकाळी निघालीस की परत येईपर्यंत, रोज. पण म्हणून खिडकीतल्या त्या म्हाताऱ्या बाईला कुणी बघायचं नाही का?"

कोरलीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं पॅड पायापाशी ठेवलं आणि सीटचा पट्टा घट्ट केला.

"चल," तो म्हणाला. "ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलू नकोस आणि दाबूही नकोस. मागं हललं तर मला सांग. बोलत राहा."

ती वीसच्या वेगानं निघाली. "आता हललं," ती म्हणाली. आणि मग, "परत."

"कळलं," ऑरिन म्हणाला. "पुढं सांग."